हद्दीबाहेरचा अजिंठा

बुलढाण्यात सकाळी उगवलेला सूर्य हा कालचाच आहे, की रातोरात कालच्याची बदली होऊन त्याच्या जागी नवा आला आहे, याची खात्री पटल्याशिवाय अंथरूण न सोडणारा माणूस जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मी नगरकडचा. नुकतं लग्न झालेलं, मास्तरकीची नोकरी बुलढाण्यात लागलेली, आणि बायकोच्या मामांच्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मामा दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म साक्षीदारांच्या जबान्या ऐकण्यात गेल्यामुळे जगात खरं बोलणारा माणूस असतो ही गोष्ट त्यांनी केव्हाच निकाली काढली होती. मी सामान घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला आधी नाव विचारलं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हेच माझ्या शेजारी उभे होते.

दूधवाल्यावर सगळेच संशय घेतात. पण दुधात पाणी कमी लागलं म्हणून दूधवाल्याला ओट्यावर उभं करून, "आज पानी काऊन नाही टाकलं बे? काय भानगड हाय?" असं विचारणारे मामाच. भाजी बरी झाली की ते घास हातात धरून मामींकडे पाहत, "आज चव हाय. कोन येऊन राह्यलं माहेरून?" आणि खरोखरच संध्याकाळच्या गाडीने मामींचा भाऊ उतरायचा, त्यामुळे मामांचा स्वतःच्या पद्धतीवरचा विश्वास आणखी घट्ट व्हायचा. एसटीवर चिखलीची पाटी असली तरी ते आधी कंडक्टरला विचारायचे, गाडी कुठं जाते. मग वळसा घालून पुढे जाऊन, कंडक्टरला ऐकू जाणार नाही अशा बेताने ड्रायव्हरला विचारायचे. दोघांच्या जबान्या जुळल्या तरच पाय फूटबोर्डावर. जुळल्याच आणि जास्तच चांगल्या जुळल्या, तर "या दोघायचं आधीच ठरलेलं दिसते," असं म्हणून ते खाली उतरल्याचंही मामी सांगत.

अशा माणसाला जगात एकच मित्र होता, तो म्हणजे कोर्टातला बेलिफ. समन्स घेऊन सायकलीवर आणि सायकल जाणार नाही तिथं पायी, तालुक्याच्या गावागावांत हिंडलेला उंच, काटक माणूस. त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ते रोज संध्याकाळी मामांच्या ओट्यावर येऊन बसत, आणि मामी दोघांना एकसारख्या कपांत चहा देत. गल्लीतल्या काही घरांच्या खिडक्या त्या वेळी जरा जास्त उघडायच्या. त्या नजरा मामांना बरोबर कळत. एकदा ते खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "याच्यावर नजर ठेवाले मी हाव ना इथं. तुमाले काऊन तकलीफ?" बेलिफ नुसते हसले. मामांना ते साहेबच म्हणत, निवृत्तीनंतरही.

पायी अजिंठ्याला जायचं हे खूळ याच ओट्यावर निघालं. त्या दिवसांत रस्त्यांवरचे मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे येत होते. मामांना यात उघड उघड लबाडी दिसत होती. "मैल होते तवा अजिंठ्याच्या वाटेवरचं धाड जवळ होतं. आता आकडा वाढला. मंग रस्ता लांबला, का दगडं जवळ जवळ गाडले?" मी फळ्यावर शिकवतो तसं समजावून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला सरकारने किती दिले असं विचारलं. शेवटी त्यांनी ठरवलं, की दगडांवर भरवसा न ठेवता अजिंठ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन यायचं. बेलिफ चहा पीत होते. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "सायेब, मी येतो. दीक्षा घेतली तवापासून आयकून हाव, तिथं बुद्ध निजलेला हाय म्हणते. समन्स घेऊन सगळीकडे गेलो. अजिंठ्याले कवाच नाही गेलो. आपल्या कोर्टाच्या हद्दीबाहेर हाय ना."

तयारी सुरू झाली. मामांनी कॅनव्हासचे बूट घेतले आणि दोन्ही एकाच जोडीचे आहेत का हे पाहायला दुकानदाराला दिवसभर उन्हात उभं केलं. मामींनी वाटेत टिकतील अशा कडक भाकरी आणि ठेचा करून पाहिला. मामांनी तो ठेचा आधी मला खाऊ घातला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. दसरा झाला की निघायचं असं ठरलं, आणि त्याआधी पाय तयार व्हावेत म्हणून दोघं रोज पहाटे राजूर घाट उतरून पुन्हा चढू लागले.

घाटातच घात झाला. बेलिफ एका वळणावर जरा मागे राहिले. पुढे चाललेल्या मामांना आपल्या पाठीमागे पावलं वाजेनाशी झाल्याचं जाणवलं, आणि पावलं वाजण्यापेक्षा न वाजणं त्यांना नेहमीच जास्त संशयास्पद वाटे. ते चालता चालता गर्रकन मागे वळले. पाय मोरीच्या कडेवरून सरकला आणि मामा खाली दगडांत. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. बेलिफ धावत आले, त्यांना पाठंगुळी घेतलं आणि मालट्रक मिळेपर्यंत तो चढ चढत राहिले. त्या चढावर झालेली उलटतपासणी मला नंतर बेलिफांनीच सांगितली.

"तू मांगं काऊन राह्यला होता?"

"जोड्यात खडा गेलता, सायेब."

"दाखव खडा."

"फेकून देल्ला ना जी."

"मंजे पुरावा नष्ट केला," मामा त्यांच्या पाठीवरून म्हणाले आणि कळ आली म्हणून त्यांनी बेलिफांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून मोडलेलं हाड दाखवलं. मामांनी फोटो निरखून पाहिला. "हा माह्याच पायाचा फोटो हाय हे कायवरून? याच्यावर माहा चेहरा कुठं हाय?" डॉक्टर तरुण होता. त्याने आधी माझ्याकडे आणि मग छताकडे पाहिलं. प्लास्टर घातलं गेलं. महिनाभर पाय खाली टेकवायचा नाही, आणि पुढे कित्येक महिने लांब चालण्याचं नाव काढायचं नाही, असं त्याने बजावलं. "आणि अजिंठा?" मी विचारलं. "एसटीने," तो म्हणाला.

मामा ओट्यावर आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, असे रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. पाहायला येणाऱ्यांपैकी कोण खरंच विचारपूस करायला आलं आणि कोण खात्री करून घ्यायला, याची छाननी चाले. प्लास्टर टिचकी मारून पोकळ आहे का बघणं चाले. पण हे सगळं उसनं अवसान होतं. पहाटे जाग आली की मला त्यांच्या खोलीतून ते खुंटीवर अडकवलेले कॅनव्हासचे बूट खाली काढतात, झटकतात आणि पुन्हा अडकवतात असा आवाज येई. एका पायाने खुंटीपर्यंत कसे पोचत असतील कोण जाणे.

एका सकाळी मला जवळ बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "जवाईबापू, तो चालून राह्यला."

"कोण?"

"बेलिफ. रोज सकाळी. कॅनव्हासचे जोडे, खांद्यावर पिशवी. धाडच्या रस्त्यानं जाते. संध्याकाळी इथं येऊन बसते, पन चकार शब्द बोलत नाही. तुमी जाऊन पाहा."

हा नेहमीचाच आजार, असं समजून मी त्यांची समजूत काढायला म्हणून दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या लिंबाखाली उभा राहिलो. बेलिफ आले. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पिशवी. लांब लांब ढांगा टाकत धाडच्या रस्त्याला लागले आणि वळणाआड गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मामांचा संशय माझ्या डोळ्यांसमोर चालत गेला होता.

संध्याकाळी बेलिफ नेहमीप्रमाणे आले. पिशवीतून त्यांनी डोंगरातली सीताफळं काढून मामींच्या हातात दिली. मामांनी कप हातात घेतला नाही. "कवा निघून राह्यला?" एवढंच विचारलं.

बेलिफांनी रिकाम्या पिशवीची घडी केली. मग म्हणाले, "दिवाळीच्या आंधी. पोरगा दिवाळीले न्याले येते, नागपूरले. इथलं घर सोडून राह्यलो, सायेब. म्हातारीची तब्येत नाही, तिथं सून हाय, दवाखाना हाय. एकदा गेलो तं मंग इकडं कायचं येनं होते. दोनदा सांगाचं म्हणून आलो. तुमच्या पायाकडे पाह्यलं अन् तोंड उघडलं नाही."

मला वाटलं, आता मामा विजयाने मांडीवर थाप मारणार. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो क्षण, लपवलेली गोष्ट कबुलीसकट समोर. पण त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." बेलिफ उठले, चपला घातल्या आणि गेले. मामींच्या हातातली सीताफळं तशीच राहिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मामांनी संशय घेणं सोडलं. दूधवाल्याने जे ओतलं ते पातेल्यात गेलं. मी शाळेतून उशिरा आलो तरी कुठं होतो ते विचारलं नाही. डॉक्टर म्हणाला हाड जुळतंय, तर "बरं" म्हणाले. मामी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून माझ्या बायकोला सांगत होत्या, "म्या आज मुद्दाम वरनात मीठ टाकलं नाही वो. यायनी गुपचूप खाल्लं. हे काई मले बरं लक्षन दिसत नाही, बाई."

मग एका दुपारी मामांनी कुबड्या मागितल्या. मला टांगा आणायला सांगितलं. टांगेवाल्याने भाडं सांगितलं ते मामांनी मुकाट्याने कबूल केलं, आणि टांगेवालाच संशयाने माझ्याकडे पाहू लागला. आम्ही बेलिफांच्या घरी गेलो. अंगणात बांधलेली गाठोडी होती, बाजेवर बेलिफांची बायको बसली होती. ती डोक्यावरचा पदर सावरत उठायला लागली, तर मामांनी हातानेच बसा म्हटलं. बेलिफ दारात आले आणि तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत साहेब त्यांच्या दारात कधी आले नव्हते. रोज तेच येत. मामा कुबड्यांवर लोंबकळत होते, आणि बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

"कोर्टाले एखादी जागा पाहाची असली," मामा अखेर घसा खाकरून म्हणाले, "अन् जज्जसायबाले जाता येत नसलं, तं काय करते?"

"कमिशनर नेमते," बेलिफ म्हणाले.

"कमिशनर जाते, जागा पाहाते, येऊन सांगते. जज्ज ते खरं धरते. धरते ना?"

"हाव जी."

"मंग तू माहा कमिशनर. जाऊन ये. तिथं कोनाचं आयकू नको, दाखवनारे लबाड असते. आपल्या डोयानं पाहा. अन् येऊन मले सांग. सगळं सांग. अर्धं ठेवू नको."

बेलिफांनी खाली वाकून मामांच्या प्लास्टरवरची धूळ पंच्याने पुसली. कशाला पुसली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग बायकोला म्हणाले, "सायेब आले, चहा ठेव."

ते एकटेच गेले आणि चालतच परत आले, रापलेले, ओठ फुटलेले. घरी न जाता आधी ओट्यावर आले. त्या संध्याकाळी मी मामांच्या तोंडून कितीतरी प्रश्न ऐकले, पण त्यांत एकही फिरवून विचारलेला नव्हता. निजलेला तो कोणत्या कुशीवर? उजव्या. डोये? मिटलेले. उशी हाय? हाय, सायेब, दगडाचीच, पन पाहून असं वाटते का दबली हाय. खाली सगळे शिष्य रडून राह्यले, अन् त्याच्या तोंडावर काई तक्रार नाही. केवढा हाय? यावर बेलिफ उठले, अंगणात उतरले, हात पसरून इकडून तिकडे चालत गेले, फाटकापर्यंत पोचले तरी थांबले नाहीत, रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, "इथलोक, सायेब!" मामांनी मान डोलावली. किलोमीटरच्या दगडांबद्दल विचारायचं ते साफ विसरले होते. खिडक्या उघडल्या होत्या. उघड्या राहिल्या.

दिवाळीला बेलिफ नागपूरला गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिकडून कोणी आलं, त्याने ते वारल्याचं सांगितलं. कशाने, कधी, कोणता डॉक्टर होता, काही न विचारता मामा आत गेले. पाऊस उघडल्यावर एके दिवशी मला म्हणाले, "जवाईबापू, अजिंठ्याची गाडी किती वाजता हाय?"

आम्ही एसटीनेच गेलो. मामांचा पाय बरा झाला होता, पण जरा ओढत. पायऱ्यांवर ते दर थोड्या वेळाने थांबत आणि मला दृश्य पाहायला सांगत. शेवटच्या बाजूच्या त्या लेण्यात शिरलो. डाव्या भिंतीला, अर्धवट अंधारात, तो निजलेला होता. पहारेकऱ्याने उजेड दाखवला. मामा पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश चालत गेले, परत आले.

"लहान हाय," ते म्हणाले.

"काय?"

"त्यानं सांगतला त्यापेक्षा लहान हाय."

"म्हणजे बेलिफांनी वाढवून सांगितलं, मामा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच एक पाऊल मागे सरलो. मग पुन्हा त्या मिटलेल्या डोळ्यांकडे वळून ते हळूच म्हणाले, "नाही जी. तो सांगून राह्यला होता तवा तेवढाच होता."

पहारेकरी उजेड घेऊन दुसऱ्या लोकांकडे गेला. मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा, मी येतो. मी बाहेर येऊन नदीकडे पाहत उभा राहिलो. बराच वेळ ते आले नाहीत, आणि मीही आत डोकावलो नाही.