मिटलेल्या पापण्यांखाली

मी जपानमध्ये, क्योतोला पीएचडीनंतरचं संशोधन करत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक्स-रे काढण्यासाठी एक मोठं तैलचित्र आलं. सतराव्या शतकातलं, इटालियन. चार दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाला येशू हाक मारून थडग्यातून उठवतो, तो प्रसंग. भोवतीची माणसं नाकाला फडकी लावून उभी, मेलेल्याच्या दोघी बहिणी गुडघ्यांवर, आणि तो उठून बसलेला. पण डोळे मिटलेले. चित्राची देखभाल करणाऱ्या संग्रहालयातल्या वयस्कर बाई सोबत आल्या होत्या.

दुपारी एक्स-रे पडद्यावर आला आणि आम्ही दोघी पुढे झुकलो. वरच्या रंगाखाली त्याचे डोळे टक्क उघडे होते. बुबुळं येशूकडे नव्हती, बहिणींकडेही नव्हती. ती मागे, थडग्यातल्या अंधाराकडे वळलेली होती. चित्रकाराने आधी ते असे रंगवले होते आणि मग त्यांवर पापण्या चढवल्या होत्या.

"नऊ वर्षं मी याचा चेहरा स्वच्छ करतेय," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, झोपेत आहे." मग त्यांनी आपली खुर्ची चित्रासमोरून बाजूला सरकवली.

मला बाबा आठवले. आदल्या वर्षी पुण्यात त्यांचं हृदय काही मिनिटं बंद पडलं होतं. डॉक्टरांनी त्यांना परत आणलं, पण तेव्हापासून बोलता बोलता ते मधेच थांबून मागे वळून बघायचे. घरात त्याबद्दल कुणी विचारत नसे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना चित्र आणि एक्स-रे दोन्ही दाखवलं. बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"आधीचं बरोबर होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मागे बघतोय ना, ते. हाक मागूनही येते."

"कुणाची हाक, बाबा?"

"तुझ्या आईची. ती आयसीयूच्या दाराशी रडत मला बोलवत होती, ते ऐकू येत होतं. आणि तिकडून, आतूनही तीच बोलवत होती. तोच आवाज. रडत मात्र नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "इकडची खरी, असं धरून मी आलो."

"आईला सांगितलंत हे?"

"तिला काय सांगू?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने त्यांना चहाला हाक मारली. बाबांनी ओ दिली नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आईच आहे, बाबा," मी म्हटलं.

"हो ना?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.