शॉप नंबर दोनमधला उजेड

माझ्या नोकरीत शेकडो चौकश्या झाल्या. बहुतेकांचे तपशील आता आठवत नाहीत. कागद बांधून ठेवले की माणूसही विसरतो. एक चौकशी मात्र अजून तारखेवार सांगता येईल, आणि गंमत म्हणजे ती मी पोलीस खात्यात असताना झालेलीच नाही.

महाराष्ट्र पोलीस दलात बावीस वर्षे काढून सहायक पोलीस निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पत्नीला कतारमध्ये शाळेत नोकरी लागली होती. दोहाच्या अल दुहैल भागात घर घेतले, मुलीची शाळा सुरू झाली आणि मीही पाइपलाइनची कामे करणाऱ्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. दोहाच्या बाहेर कंपनीचे मोठे यार्ड होते. अकरा पहारेकरी, दोन फाटके, तीन शॉप, म्हणजे कामाच्या शेड, आणि गस्तीची एक नोंदवही माझ्या ताब्यात होती. संबंधित माणसे अजून नोकरीत आहेत, म्हणून कुणाचेही नाव लिहीत नाही.

आधी वेल्डरच्या यादीबद्दल सांगितले पाहिजे. इथे परदेशी कामगारांना आपल्याकडच्या कारखान्यासारखी युनियन नसते. पण आमच्या यार्डात एक न लिहिलेली युनियन होती, तिचे नाव 'यादी'. पाइप वेल्डरची परीक्षा पास झालेल्या माणसाला स्वतःचा नंबर मिळतो. जोड पूर्ण केला की त्याने शेजारी तो नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या गळती झाली तर कुणाचा जोड ते कळते. नंबर मिळाला की पगार जवळपास दुप्पट आणि खोलीत आठाऐवजी चार माणसे. त्या यादीत एकेचाळीस नावे होती. मी एकदा सहज हिशेब केला, तर त्यातले तेहतीस जण तीन फोरमनांचे भाऊ, मेहुणे किंवा गाववाले निघाले. कारण सरळ होते. परीक्षेला बसायला फोरमनची शिफारस लागायची.

मग ज्यांचे काम आम्ही करत होतो त्या बड्या कंपनीने नियम बदलला. दोन वर्षे नोकरी झालेल्या कुणीही अर्ज करावा, शिफारस नको. अर्ज आले तीन. दोन जण नापास झाले. तिसरा पास झाला, आणि त्यावरून हे प्रकरण उभे राहिले.

हा तिसरा रायगडच्या किनाऱ्यावरचा, तेहतीस वर्षांचा. सहा वर्षे तो यार्डात हेल्पर होता. पाइप घासायचा, वेल्डरला रॉड द्यायचा, पाणी आणायचा. ना कुणाचा मेहुणा, ना गाववाला. परीक्षा अवघड असते. पाइप पंचेचाळीस अंशात तिरका बांधतात आणि तो हलवायचा नसतो. वेल्डरने स्वतःच त्याच्याभोवती वाकून, गुडघ्यावर बसून, मान मोडून जोड पूर्ण करायचा. नंतर परीक्षा घेणारा निरीक्षक त्या जोडलेल्या तुकड्याचा एक्स-रे काढतो. याच्या एक्स-रेत एकही दोष नव्हता.

दोन दिवसांनी माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून मजकूर आला. 'हेल्परने तुकडा बदलला. निरीक्षक नमाजला गेला तेव्हा वीस मिनिटे परीक्षेच्या बूथवर कुणी नव्हते. विचारा त्याला, वेल्डिंग कुठे शिकला.'

निनावी खबर मी कधी फेकून देत नाही आणि कधी लगेच खरीही मानत नाही. शहानिशा केली. बूथ खरोखर वीस मिनिटे उघडा होता. कॅमेऱ्यात तो कोपरा येत नव्हता. म्हणजे तुकडा बदलणे शक्य होते. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितले, "लबाडी सिद्ध झाली तर व्हिसा रद्द आणि घरी. तीन दिवसांत अहवाल द्या."

बूथ सांभाळणाऱ्या फोरमनला आधी बोलावले. तो खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागला. "साब, छह साल झाड़ू-पोछा किया है उसने. टॉर्च पकड़ना नहीं आता, और सीधा पास? मेरा साला चार साल से टेस्ट दे रहा है!"

"तुमचा मेहुणा याच वेळी बसला होता?"

"बैठा था."

"आणि?"

तो आता कुठे खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मशीन ख़राब थी."

परीक्षेतली वीस मिनिटे फक्त तिघांना ठाऊक होती, परीक्षा घेणारा निरीक्षक, हा फोरमन आणि तो हेल्पर. खबर कुठून आली हे मला तिथेच कळले. पण खबर देणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून खबर खोटी ठरत नाही, हे मी ठाण्यात पहिल्या वर्षी शिकलो होतो.

मग हेल्परला बोलावले. तो टोपी हातात धरून उभा राहिला. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसला.

"तुकडा तूच केलास?"

"मीच केला साहेब."

"वेल्डिंग शिकलास कुठे?"

तो टोपीची कड चाचपू लागला.

"गावाला कुठे वर्कशॉप होतं?"

"नाय."

"इथे कुणी शिकवलं?"

"कोणी नाय शिकवलान."

"मग स्वप्नात शिकलास का रे?"

तो खाली बघत राहिला. "साहेब, बघून बघून आला."

तीन वेळा विचारले, तीन वेळा हेच. बावीस वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. खोटे बोलणारा माणूस तपशील जास्त देतो. हा एकही तपशील देत नव्हता. काहीतरी लपवत होता हे नक्की, पण जे लपवत होता ते तुकडा बदलणेच असेल असे मला वाटेना. मी म्हटले, "हे बघ, कुठे शिकलास ते सांगितलं नाहीस तर मला लिहावं लागेल की शिकलाच नाहीस."

त्याचे डोळे भरून आले, पण तो एवढेच म्हणाला, "लिवा साहेब. तुमचा काम हाय."

जबाबावर सही घेऊन मी त्याला पाठवले. हातात दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी वेगळेच प्रकरण. मुलीच्या शाळेने पांढऱ्या गणवेशात यायला सांगितले होते, आणि ती नेहमीच्या गणवेशात शाळेच्या बसमधून निघूनही गेली होती. पत्नीने डायरी माझ्यासमोर आपटली. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग पांढरा गणवेश लिहिलंय ते कोणी वाचायचं? मी पंचवीस मुलांच्या डायऱ्या तपासते, माझ्याच घरात ही तऱ्हा! पोलिसात होतात ना तुम्ही? तिथेही असंच, न वाचता सह्या ठोकायचात?"

मी चूक कबूल केली. पण गाडी चालवताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. न वाचता मी आणखी कशावर सही करतो? उत्तर सोपे होते. रोज संध्याकाळी पाच वाजता, गस्तीच्या नोंदवहीवर.

ऑफिसात पोचताच मी दोन वर्षांच्या वह्या काढून घेतल्या. दार लावले, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

इथे उन्हाळ्यात, जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारची मनाई असते. आमचे यार्ड त्या वेळात पूर्ण बंद. सगळे कामगार थंड हवेच्या विश्रांतीच्या हॉलमध्ये आडवे होत. शॉपना छप्पर होते, पण आत भट्टी पेटल्यासारखी गरमी. तिथे कुत्रेही थांबत नसे. आणि माझ्या पहारेकऱ्यांनी इंग्रजीत लिहिले होते: '१२.१० वाजता. शॉप नंबर दोन. वेल्डिंगचा उजेड. एक माणूस. काम चालू.' दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा चार दिवसांनी. पहिल्या उन्हाळ्यात एकतीस नोंदी, दुसऱ्या उन्हाळ्यात त्रेचाळीस. एकूण चौऱ्याहत्तर. प्रत्येक पानाखाली माझी सही, तारखेसह.

पहारेकऱ्यांना वाटले परवानगीचे काम असेल. साहेब रोज सही करतात, म्हणजे साहेबांना माहीत असणार.

तो एक माणूस कोण हे नोंदीत नव्हते. पण दुसऱ्या उन्हाळ्याच्या मधोमध सलग चोवीस दिवस एकही नोंद नव्हती. मी हजेरी विभागातून रजेचा तक्ता मागवला. हेल्पर त्या जुलैत रायगडला गेला होता. गेला त्या दिवशी उजेड बंद, कामावर परत आला त्या दिवशी उजेड सुरू. रजा चोवीस दिवसांची.

मी वही बंद केली. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. आदल्या दिवशी त्या माणसाविरुद्ध अहवालाचे पहिले पान मी लिहून ठेवले होते.

त्याला पुन्हा बोलावले. या वेळी प्रश्न विचारला नाही. वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. इंग्रजी नोंद त्याने बोटाने एकेक अक्षर लावत वाचली. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"आता सांग."

मग सगळे बाहेर आले. वेल्डर रॉड पूर्ण जाळत नाहीत, चार बोटे तुकडा उरतो. ते थोटके मोजून स्टोअरला परत करायचे असतात. पण बरेच जण ते भंगाराच्या डब्यात टाकतात. हा तिथून ते काढायचा, कापून टाकलेले पाइपचे तुकडे घ्यायचा आणि बाकीचे झोपले की शॉपमध्ये जोड करत बसायचा. जोड झाला की ग्राइंडरने स्वतःच कापायचा, आत बघायचा, पुन्हा करायचा. काम झाल्यावर सगळे परत भंगारात.

"चार बोटांच्या रॉडने?"

"म्हणून तर हात जवळ न्यावा लागतो साहेब. चटके बसतात. पण हात हलत नाय मग." त्याने पंजे दाखवले. बोटांच्या मागे ठिपक्यांसारखे जुने डाग होते.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"बंदीच्या टायमाला मशीन चालवली. परवानगी नाय. आग विझवणारा माणूस उभा नाय. सामान कंपनीचा. हे सांगितला असता तर तुकड्याचा सोडा, यासाठीच घरी धाडलान असता."

त्याचे म्हणणे बरोबर होते. अडचण हीच होती. जे सत्य त्याला लबाडीतून सोडवत होते, तेच सुरक्षेच्या नियमाखाली त्याला अडकवत होते. आणि तो नियम पाळला जातो की नाही हे बघण्याचे काम कंपनीने मला दिले होते.

त्या दिवशी दुपारी मी अहवाल लिहिला. काहीच गाळले नाही. थोटके लिहिले, भंगार लिहिले, चौऱ्याहत्तर वेळा विनापरवानगी वेल्डिंग लिहिले. आणि शेवटी लिहिले की या चौऱ्याहत्तर प्रकारांची लेखी माहिती सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी मिळत होती, त्याने सही केली आणि काहीही केले नाही. कारवाई करायची असल्यास ती त्याच्यापासून सुरू करावी.

मॅनेजरसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"वहीत जे आहे तेच लिहिलंय, सर."

परीक्षा घेणारा निरीक्षक इजिप्तचा, साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा. त्याने अहवाल बाजूला ठेवला. "कागद पुरे. त्याला माझ्यासमोर पुन्हा करू द्या. सगळ्यांसमोर. यल्ला, चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉप नंबर दोनमध्ये पाइप तिरका बांधला. आग विझवणारा माणूस उभा केला, परवानगीचा कागद भिंतीला लावला. तिन्ही फोरमन, यादीतले बरेच वेल्डर आणि मी. हेल्परने मुखवट्याची काच खाली ओढली आणि पाइपच्या खालून सुरुवात केली. दोन तास दहा मिनिटे लागली. मध्ये कुणीतरी हसून म्हणाले, "अरे, झुका तो ऐसे है जैसे रेत में मोती ढूँढ रहा हो." पण वरचा थर चढायला लागला तसे हसणे थांबले. जुने वेल्डर जवळ सरकून बघू लागले. त्यांतला एक स्वतःशीच म्हणाला, "हाथ देखो इसका."

संध्याकाळी एक्स-रे आला. निरीक्षकाने तो उजेडावर धरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला आणि खाली ठेवला. "खलास. त्याला नंबर द्या."

हेल्पर बाहेर बाकावर बसला होता. मी सांगितले तेव्हा तो उठला नाही. "शुक्र अल्लाचा," एवढेच म्हणाला, आणि मग विचारले, "साहेब, ते दुसऱ्याचा काय झाला? बंदीच्या टायमाचा?"

"तुला लेखी ताकीद. मलाही."

"तुमाला पण?" तो माझ्याकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच हसला. "मग आपला दोघांचा कागद एकाच फायलीत."

यादीत बेचाळिसावे नाव लागले. फोरमनवर कारवाई झाली नाही. निनावी मजकूर त्याचाच असे सिद्ध करणारा पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि पुराव्याशिवाय मी अहवालात कुणाचे नाव घालत नाही. तो पुढे माझ्याशी नीट बोलायचाही.

या चौकशीने मला काय शिकवले ते लिहिले पाहिजे. ठाण्यात आम्ही एक गृहीत धरून चालायचो, की माणूस गप्प बसतो तो गुन्हा झाकायला. इथे एक माणूस आपली मेहनत झाकत होता. ज्याला कुणाची ओळख नाही, त्याला शिकायलाही चोरून शिकावे लागते, आणि मग त्याचे कसब हाच त्याच्यावरचा आळ होतो. त्याच्या बाजूचा साक्षीदार दोन वर्षे माझ्याच कपाटात होता.

महिन्याभराने एक अर्ज माझ्या टेबलावर आला. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये वेल्डिंगचा सराव करायची परवानगी, आग विझवणाऱ्या माणसासह, स्टोअरमधून रॉडचे थोटके रीतसर मोजून. शिकवणार म्हणून आमच्या रायगडकराचे नाव होते. शिकणार म्हणून त्या फोरमनच्या मेहुण्याचे.

मी त्याला बोलावले. "अरे, याच्याच घरचे तुला घरी पाठवायला निघाले होते. माहीत आहे ना?"

"माहीत हाय साहेब."

"मग?"

तो जरा अवघडला. "हात वाईट नाय त्याचा. नुसता घाई करतो. चार वर्षं बसतोय परीक्षेला, पण कोणी जवळ बसून दाखवलान नाय त्याला. भावजी फोरमन, तर सगळे बोलतात, हां हां, बरा हाय, बरा हाय."