मशीनपाशी बोललेलं

बैठक माझ्या माहेरी, बदनापूरला बसली होती. आमच्याकडे नवरा-बायकोचं भांडण कोर्टात जाण्याआधी चार माणसांत बसतंच. तिसरीतली माझी मुलगी कुणाकडे राहणार, एवढाच प्रश्न उरला होता. नवऱ्याचे चुलते सुपारी कातरत म्हणाले, "पोरीला सोडून कुठं तरी निघून जावं वाटतं, आसं तूच म्हणाल्ती ना?"

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. बोलले होते फक्त फोनमधल्या एआयशी; मुलगी तापानं फणफणली होती, मी थकून रडत होते. 'तुम्ही निर्धास्त बोला,' म्हणाला होता मेला! लग्नानंतर सिमकार्डापासून गॅसपर्यंत सगळं नवऱ्याच्या नावावर झालं. एआयचं खातंही त्यानंच स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं सगळं बोलणं त्याच्या फोनवर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात वकीलबाई गाठल्या.

"ताई, तुम्ही मला सांगितलं ते माझ्यापाशी राहील, कायदाच तसा हाय. पण मशीनशी बोललेल्याला तसं संरक्षण मला तरी कुठं दिसत न्हाई. ते लोक कोर्टात मांडतील."

"मंग आत्ताच पुसून टाकते."

"बिलकुल न्हाई! पुरावा मिटवला म्हणतील. घरी जाऊन काय-काय बोललात ते नीट वाचा अन् मला सांगा."

तापाच्या त्या रात्री लेकीच्या कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या, हे मी मशीनला कशाला सांगत बसले असते? कोर्टापुढे तेवढं एकच वाक्य जाणार आणि ते माझी पोर माझ्याकडून काढून नेणार, हेच बसमध्ये डोक्यात फिरत राहिलं.

घरी येऊन फोन उघडला. माझ्या बोलण्याखाली एक प्रश्न होता, आणि तो मी विचारलेला नव्हता. बैठकीतलं काही कानावर पडू नये म्हणून मीच लेकीला फोन देऊन आतल्या खोलीत बसवलं होतं. तिनं लिहिलं होतं, "आई मला सोडून जाणार हाय का? मी विचारलं हे कुणाला सांगू नको."