अर्धा ठेका मागे

मिस ओडीलियांचं वजन उतरलं तेव्हा आमच्या ओपलूसस गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्याकडे त्याची कृती मागितली, जणू ते गंबोचं कालवणच. त्या रोज पहाटे कालव्याकाठी चालल्या, स्वतःच शिजवलेल्या भाताकडे पाठ करून बसल्या, आणि दोन-तीन वर्षांत निम्म्या झाल्या. कातडी मात्र होती तेवढीच राहिली. माणूस उठून गेल्यावर खुर्चीवर राहिलेल्या कोटासारखी ती पोटाखाली लोंबत होती.

गंमत अशी, की जाड होत्या तेव्हा त्या शनिवारी सकाळच्या नाचाला सगळ्यांच्या आधी उठायच्या. बारीक झाल्यावर बसून राहू लागल्या. नवरा, अल्सिड (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात), हात पुढे करायचा आणि त्या कॉफीचा कप उचलायच्या.

"मी थांबते, पण पोटाची ही कातडी अजून अर्धा ठेका नाचते," त्या मला म्हणाल्या. "दोघींना सांभाळायला अल्सिड आता तरुण आहे का?"

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. विमा कंपनीने पैसे नाकारले. कातडीला काही आजार नाही, ही नुसती दिसण्याची हौस, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्या जेवणघराच्या खिडकीवर ताटं देते, त्यामुळे मला ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी, कढईसमोर उभं राहून राहून, पोटावरच्या कातडीच्या घडीखाली लालभडक चट्टे उठायचे. त्या कोठीत जाऊन कॉर्नफ्लोअर लावून यायच्या आणि पुन्हा मासे सोडायच्या. शनिवार-रविवार जेवणघर बंद. सोमवारी डॉक्टर. तोवर चट्टे विझलेले, आणि वर मिस ओडीलियांची आंघोळ, पावडर, चर्चची टोपी. डॉक्टर दर वेळी लिहायचे, कातडी स्वच्छ.

हे पकडलं नर्स रेनेटने. "शुक्रवारी या," ती म्हणाली. "कामावरून, अशाच्या अशा."

गाडीत बसल्यावर मिस ओडीलिया माझ्यावर उखडल्या. घामाने निथळत, माशांचा वास घेऊन डॉक्टरपुढे झोपायचं? त्यांच्या आईने बाळंतपणालासुद्धा इस्त्रीचा झगा घालून पाठवलं होतं. पुढचे दोन शुक्रवार त्या गेल्याच नाहीत.

त्या शनिवारी अल्सिड दुसऱ्या कुणाशी नाचला असता तर त्यांना चाललं असतं. तो नाचला नाही. त्यांच्याशेजारी बसून टेबलाखाली एकटाच पाय आपटत राहिला. त्या बराच वेळ त्याच्या बुटाकडे पाहत होत्या.

पुढचा शुक्रवार ईस्टरआधीच्या उपासाचा होता, मटण-कोंबडी वर्ज्य, म्हणजे अख्खं गाव माशाच्या रांगेत. शेवटचं ताट गेलं तशा त्या अॅप्रन न काढताच माझ्या गाडीत बसल्या. खिडक्या उघड्या ठेवल्या.

डॉक्टरांनी घडी उचलून पाहिली. मग विचारलं, "हे कधीपासून?"

"तुमच्याकडे यायला लागले त्याच्याही आधीपासून," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून झाकलं."

रेनेटने फोटो काढायला घेतले, तेव्हा त्यांनी पर्समधून मोत्याची कर्णफुलं काढून घातली. चेहरा फोटोत येणार नाही, असं रेनेटने सांगितलं.

"पोरी, पोट तर माझंच आहे ना?"

मलमं झाली, गोळ्या झाल्या. दर शुक्रवारचे चट्टे नोंदले गेले, आणि दवाखानाभर माशाचा वास दरवळला. कंपाउंडर बाई तर मिस ओडीलिया आल्या की जेवणाची वेळ झाली समजायची. उन्हाळ्यात विमा कंपनीने होकार दिला.

शस्त्रक्रियेच्या जखमा भरल्या, थंडी पडली, आणि एका शनिवारी अल्सिडने नेहमीसारखा हात पुढे केला. कप टेबलावरच राहिला. अकॉर्डियन सुरू झालं, आणि दुसऱ्याच गिरकीला मिस ओडीलिया अडखळल्या.

"दुखतंय का?" अल्सिडने घाबरून विचारलं.

"नाही रे. सवयीने अर्धा ठेका तिच्यासाठी थांबले," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पाऊल बरोबर ठेक्यावर पडलं.