रस्त्यापलीकडचा खिळा

"ताई, बाबा गेले गं..." हदगावहून मामेभाऊ संजूचा फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत होते. हातातला खडू तसाच राहिला. दिगंबरमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, उभा जन्म पोस्टरं छापत राहिला. महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हदगावजवळ शिकवत होते. म्हाताऱ्यांसाठी डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं आणि पोस्टरचं मॅटर घेऊन ऐटीत मामाकडं गेले. अध्यक्ष, पाहुणे, सुविचार, सगळं त्यात होतं. मामानं प्रूफ काढलं, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर एक खिळा होता त्याला अडकवलं आणि मला दुकानाच्या दारात उभं केलं. प्रत्येक पोस्टरची ही परीक्षा ठरलेली. "वाच." मला नुसतं 'भव्य' वाचता आलं. "अगं येडे, ज्यांना दिसत न्हाई त्यांनाच बोलावून राहिलीस ना? मग मुंगीएवढी अक्षरं कशापायी?" मी म्हणाले, "पण मामा, पाहुणे रागावतील!" "रागावू दे. त्यांचे डोळे चांगले हायेत." शेवटी पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत चारच गोष्टी उरल्या... डोळे तपासणी, फुकट, रविवारी, शाळेत. बाकी जागा मोकळी. "गच्च भरलेल्या जीपमधी कुणाचं तोंड दिसतं का?" म्हणाला. रविवारी शाळेत म्हाताऱ्यांना बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत. पाहुणे मात्र दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात बघते तर संजूनं बनवलेल्या मामाच्याच श्रद्धांजलीच्या पोस्टरवर समई, कमळ, ढग आणि शोकाकुल म्हणून बावीस नावं! माझं डोकंच फिरलं. संजू म्हणाला, "ताई, एक नाव गाळलं तर सोयरे जन्मभर बोलतील." मी प्रूफ त्या खिळ्याला अडकवलं. मामी दुकानाच्या दारात बसली होती. चौथी शिकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. "मामी, दिसतंय का?" तिनं बराच वेळ बघितलं. "फोटो हाय कुणाचा तरी..." संजूनं मान खाली घातली. मग आत जाऊन त्यानं सगळी नावं काढली, पहिलं स्वतःचं.

दुसरं प्रूफ लागलं. फोटो आणि खाली एकच शब्द. मामी डोळे बारीक करून वाचायला लागली, "दि... गं... बर." अन् गप्पकन तोंडाला पदर लावला. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. मला रडू आवरलं नाही.

ते पोस्टर अजून त्याच खिळ्याला आहे. संजू नवं प्रूफ त्याच्यावरच अडकवतो, तपासून झालं की काढतो. मग दारातून मामी ते नाव एकदा वाचते. मोठ्यानं.