चौकीदाराचं सॉरी

दोन हजार अठरा साली, सदुसष्टाव्या वर्षी, सोलापूर सोडून मी लेकाकडं नायजेरियात राहायला गेलो. पहिल्याच आठवड्यात फाटकाजवळ पाण्याच्या पाइपात पाय अडकून आपटलो. लांबवर एका बाकड्यावर बसलेला चौकीदार "सॉरी बाबा, सॉरी!" करत धावत आला. आमच्या सोलापुरात चूक असली तरी कुणी माफी मागत न्हाय, मग ह्याला एवढी घाई कशाची? पाइप ह्यानंच आडवा टाकला असणार. लेकाला म्हटलं, "ह्याला कामावरनं काढ." लेक म्हणाला, "आप्पा, हितं कुणालाबी लागलं की बघणारा सॉरी म्हणतो. चूक त्याची नसली तरी." "व्हय, तू लई शाणा!" मला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदाराच्या हातावर गरम चहा सांडला. मी मागं वळून बघितलं, लेक जवळपास नव्हता; मग हळूच म्हणालो, "सॉरी."