गळकं मडकं

मडकं गळलं म्हणजे कुंभाराची अब्रू गेली, असं मानणाऱ्या माणसाला मी गळकी मडकी करायला सांगितली होती. तो माणूस म्हणजे माझे मामा.

कृती माझी होती. मातीत चाळलेला लाकडाचा भुसा मिसळायचा आणि भांडं भाजायचं. भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी झिरपतं, घाण वरच अडकते. तासाला दीड-दोन लिटर पाणी खाली यायला हवं. त्याहून जास्त आलं तर जंतूही सोबत येणार, कमी आलं तर घर तहानलेलं राहणार.

मामांनी हे मनावर घेतलं ते ताईसाठी. त्यांची ही लेक डोंगरावरच्या वस्तीत दिलेली, तिथे ना नळ ना वीज. तिची वर्षाची पोर अंगावरचं दूध सुटल्यापासून जुलाबांनी दोनदा सलाईनवर होती. ताईचा निरोप आला, "पाणी उकळायला जळण पुरत नाही. बाबांना विचार, झालं का?"

झालं नव्हतं. चार भट्ट्या निघाल्या, पण तासाभरात जेमतेम अर्धा कप पाणी पडायचं. मामांचा पाय घरात ठरेना. त्यांनी भुसा बदलला, चाळणी बदलली, सुताराशी विनाकारण भांडून आले. जेवता जेवता उठून मडक्यात डोकवायचे.

"अहो, बघून बघून पाणी पडत नसतं," मामी म्हणाली.

"तू वाढ," म्हणाले, आणि पुन्हा उठले.

चूक माझ्याच कृतीत असली तर, या भीतीनं मी तीच मापं पुन्हा पुन्हा मोजत होते.

पाचव्या खेपेला मी सकाळपासून त्यांच्या शेजारीच ठाण मांडलं. त्यांनी साच्यातून भांडं काढलं, जरा सुकू दिलं. मग भुशाला शिव्या घालत घालत आजोबांच्या वेळचा गुळगुळीत गोटा उचलला आणि भांडं आतून घासायला लागले.

"मामा, हे काय करताय?"

"कुठं काय?" त्यांनी खाली पाहिलं. हात फिरतच होता.

घासणं माझ्या कृतीत नव्हतंच. चाळीस वर्षं पाणी अडवत आलेला तो हात प्रत्येक भांड्याच्या छिद्रांची तोंडं भाजण्याआधीच बुजवत होता, आणि मामांना त्याचा पत्ताच नव्हता. मी त्यांना ते सांगितलं, घासू नका म्हटलं.

"असं खरखरीत भांडं लेकीला द्यायचं?"

"हो."

मामांनी गोटा मामीच्या हातात दिला. "हा लपवून ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

त्या भट्टीतलं भांडं तासाला पावणेदोन लिटर गळलं. मामा ते स्वतः डोंगरावर घेऊन गेले, मीही गेले. नातीनं पहिला पेला अंगावर सांडला, दुसरा घटाघटा प्यायली. शेजारीण भांड्यावरून हात फिरवत म्हणाली, "कुंभाराच्या लेकीकडे असलं ओबडधोबड भांडं?"

मामांचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरला.

"गळतंय ना," ते म्हणाले, "मग झालं."